वस्त्रगाळ माती

माझा पगार मातीचा आहे. नागपुरातल्या एका सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत मी गेली बावीस वर्षं काम करते आहे. गावोगावचे शेतकरी अर्धा-एक किलो माती पिशवीत घालून आणतात. आम्ही ती वाळवतो, लाकडी हातोडीनं कुटतो, चाळतो, पाण्यात कालवतो, तिच्यावर रसायनं ओततो आणि तिला काय झालंय ते कागदावर लिहून देतो. आणि संध्याकाळी रामदासपेठेतल्या घरी आले की मी सगळ्यात आधी कोपरापर्यंत हात साबणानं धुते. एकदा नाही, दोनदा. माझा नवरा म्हणतो, हलवाई आपली मिठाई खात नाही हे ऐकलं होतं, पण मिठाईला शिवला म्हणून आंघोळ करणारा हलवाई तुझ्याच रूपानं पाहिला.

त्याचं काही चूक नाही. माझं माहेर जरीपटक्यातलं, बाजाराच्या ऐन तोंडाशी. दिवसभर हातगाड्या, ऑटो, टेम्पो, आणि त्यांनी उडवलेलं सगळं आमच्या घरात. आई दिवसातून तीनदा फडकं फिरवायची आणि फिरवताना एकच शब्द म्हणायची, घाण. रस्त्यावरची धूळ ती घाण, बुटाचा चिखल ती घाण, कुंडीतून सांडली तीही घाण. पुढे माझी मुलगी इंग्रजी शाळेत गेली आणि तिकडून ‘डर्ट’ हा शब्द घेऊन आली. शेतातली माती डर्ट, सिंकमधला गाळ डर्ट, मैत्रिणीबद्दल पाठीमागे कुणी काही वाईटसाईट बोललं तर तेही डर्ट. मला तो शब्द फार सोयीचा वाटला. एका शब्दात काम झालं, हात धुवायला मोकळे. आई, मी आणि मुलगी, आम्हा तिघींचं या बाबतीत अगदी एकमत होतं.

एकमत नव्हतं ते सासूबाईंचं.

सासूबाई भिवापूरच्या. गावाबाहेर आमचं तीन एकर शेत आहे, त्यात मिरची. सासरे गेल्यानंतर लोकांना वाटलं, आता या नागपूरला मुलाकडे जातील. त्या गेल्या नाहीत. दर वर्षी वाफ्यात रोप टाकायचं, लावायचं, तोडायचं, अंगणात लाल सडा घालून वाळवायचं, हे सगळं दोन मजूर बाया हाताशी धरून त्या करत राहिल्या. आमच्याकडे यायच्या त्या चार दिवसांसाठी, आणि तिसऱ्या दिवसापासून बसचं वेळापत्रक विचारायला लागायच्या.

लग्नानंतर पहिल्यांदा त्या आमच्याकडे आल्या तेव्हा मी पालक धुवत होते. पातेल्याच्या तळाशी बोटभर माती बसली होती. मी पातेलं सिंकमध्ये ओतणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

“काय करून राहिली वं?”

“घाण पाणी टाकतेय, आई.”

“घाण कुठं हाय ह्याच्यात? माती हाय ते. माती मोरीत नाही टाकत.”

त्यांनी पातेलं उचललं, बाल्कनीत नेलं आणि कढीपत्त्याच्या कुंडीत सावकाश ओतलं. मग तळाला चिकटलेलं थोडंसं पाणी घालून विसळलं आणि तेही ओतलं. मला राग आला. माझ्या स्वयंपाकघरात येऊन मला शिकवतात, हे एक, आणि बाल्कनीच्या फरशीवर दोन थेंब सांडले, हे दुसरं. त्या थेंबांवर मी त्यांच्यादेखत फडकं मारलं. त्यांनी ते पाहिलं.

नंतर माझ्या ध्यानात यायला लागलं की या बाईकडे माझ्या एका शब्दाच्या जागी डझनभर शब्द आहेत आणि त्या ते कधी मिसळत नाहीत. घरात झाडून निघतो तो केर. रस्त्यावर पाऊल बुडतं तो फुफाटा. भिंत सारवायला कालवतात तो गारा. नालीतला तो रेंदा. विहिरीच्या तळाचा तो गाळ, आणि तो काढून शेतात टाकतात. अंगाचा तो मळ. शेतातली ती माती, तिला दुसरं नाव नाही. घाण हा शब्द त्या फक्त माणसांनी केलेल्या गोष्टींसाठी वापरायच्या. एकदा आमच्या इमारतीच्या जिन्यात कुणीतरी खर्रा खाऊन थुंकलं होतं. सासूबाई तिथं थांबल्या, बोट दाखवून मला म्हणाल्या, “हे पाह्य. हे घाण.” शिकवणीच्या बाई फळ्यावर दाखवतात त्याच सुरात.

तर या सासूबाईंच्या शेतात दोन वर्षांपासून काहीतरी बिनसलं होतं. वरच्या अंगाची मिरची झकास यायची आणि खालच्या अंगाची, ऐन फुलावर आलेली झाडं, उभ्या उभ्या माना टाकायची. औषधं मारून झाली, बियाणं बदलून झालं. त्यात त्यांचे गुडघे दुखायला लागले. माझा नवरा नागपुरातल्याच एका दवाखान्याच्या ऑफिसात आहे. दिवसभर म्हातारी माणसं व्हीलचेअरवर येताना पाहतो, त्यामुळे त्याला आईची काळजी जरा जास्तच. तो प्रत्येक फोनवर तेच म्हणायचा, शेत ठेक्यानं देऊन टाक आणि इकडे ये. शेवटी एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्यातून करार निघाला.

“माती तपासून घे,” तो म्हणाला. “घरातच तपासणारी आहे. माती चांगली निघाली तर मी पुन्हा नाव काढणार नाही. पण वाईट निघाली, तर तू बिस्तरा बांधायचा.”

“वाईट निघाली तं येईन,” त्या म्हणाल्या. “शब्द देऊन राहिली मी तुले.”

त्या बाईचा शब्द म्हणजे काय असतो ते मला ठाऊक होतं. मी फोनवर त्यांना नमुना कसा घ्यायचा ते सांगायला लागले, तर म्हणाल्या, “मले माती भरता येत नाही का वं पिशवीत?”

आठ दिवसांनी भिवापूरच्या एक शेजारीण दवाखान्यात तपासणीला आल्या, त्यांच्याबरोबर पिशवी आली. नव्याकोऱ्या गुलाबी ब्लाउजपीसची, हातानं शिवलेली, तोंडाला नाडी ओवलेली. गाठीवर हळदीकुंकू लावलेलं. आत चिठ्ठी, मोठ्या मोठ्या अक्षरात नाव, गाव, गट नंबर. मी प्रयोगशाळेत पिशवी सोडली आणि डोक्याला हात लावला.

माती कसली, काजळ होतं ते! खडा नाही, काडी नाही, मूळ नाही. आधी पिठाच्या चाळणीनं चाळलेली आणि मग, माझी खात्री आहे, लुगड्याच्या पदरातून वस्त्रगाळ केलेली. बोटांत धरली तर सुळ्ळकन घसरली. वासावरून कळलं की ही शेतातली नाही, वर्षानुवर्षं शेणखत कुजलेल्या खड्ड्याच्या कडेची आहे.

आमच्याकडे ही चूक नवी नाही. दर्शनी भागातच पाटी लावलेली आहे की धुऱ्याजवळची म्हणजे बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती आणू नये. तरी लोक आणतात. फसवायला नाही आणत. एक आजोबा बैल बांधायच्या जागेची माती घेऊन आले होते आणि अभिमानानं सांगत होते की अशी माती पंचक्रोशीत नाही. एका बाईंनी नमुन्यात मूठभर खत कालवलं होतं, “जरा ताकद यावी म्हणून.” जेवणाच्या सुट्टीत आम्ही या गोष्टी एकमेकींना सांगून हसायचो. सगळ्यात मोठ्यानं मी हसायचे. आता माझ्याच घरची पिशवी टेबलावर होती आणि मी ती मैत्रिणींच्या नजरेपासून लपवत होते.

तरी मी तपासणी केली. सेंद्रिय कर्ब असा निघाला की माझा मलाच विश्वास बसेना, म्हणून पुन्हा केली. क्षार नाहीत, सामू म्हणजे आम्लता ठीक, सगळं भरभरून. असा कागद आमच्याकडून फार थोड्यांना गेला असेल. तो कागद हातात धरून मी बराच वेळ बसले. कागद नवऱ्याला दिला की विषय संपला, सासूबाई जिंकल्या. खोटंही काही नव्हतं, पिशवीतल्या मातीबद्दल कागद खरंच बोलत होता. पण मग पुढच्या पावसाळ्यात त्या पुन्हा त्याच जागी रोपं लावणार, पुन्हा ती माना टाकणार, आणि गुडघे धरून त्या एकट्या बांधावर बसणार. आणि खरं सांगितलं, तर नवरा म्हणणार, आईनं लबाडी केली, आता काही ऐकायचं नाही. मी कागद दोनदा पर्समध्ये ठेवला आणि दोनदा काढला. कबूल करते, माती खायच्या अगदी बेतात होते. शेवटी तो फाडला. घरी सांगितलं की निकालाला वेळ आहे, आणि रविवारी सकाळच्या बसनं भिवापूर गाठलं. नवऱ्याला म्हटलं, तिखट आणायला जाते.

सासूबाई शेतातच भेटल्या, मिरचीचा तोडा सुरू होता. मी दम खाल्ला नाही, सरळ सुरुवात केली.

“आई, ही माती कुठली पाठवली तुम्ही?”

“आपलीच. काहून?”

“खताच्या खड्ड्याजवळची ना?”

“हो. तिथली सगळ्यात मस्त हाय.”

“सगळ्यात मस्त नको होती मला! डॉक्टरकडे जाताना माणूस आजार घरी ठेवून जातं का?”

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

“आमी तुले पाहाले आलो होतो, तवा तुह्या आईनं तुले कसं बसवलं होतं? जुन्या गाऊनवर?” त्या म्हणाल्या. “मावशीच्या बांगड्या होत्या तुह्या हातात. मले मालूम होतं. मी बोलली का काही?”

बांगड्या मावशीच्याच होत्या. हे मी माझ्या नवऱ्यालाही आजवर सांगितलेलं नाही. मला हसू फुटलं आणि राग होता तो गेला.

“सरकारी कचेरीत जाऊन राहिली होती बिचारी,” त्या शेताकडे पाहून म्हणाल्या. “चार लोक पाहातीन तिले. तशीच पाठवू?”

मग मी त्यांना सगळं समजावलं. कागद फाडला तेही सांगितलं. खरा नमुना घ्यायचा तर नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करायचा, कडेची चकती काढायची, सगळं मिसळून त्यातलं अर्धा किलो घ्यायचं. आणि निकाल वाईट आला तर काय, हेही मला बोलावं लागलं. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी चपला काढून धुऱ्यावर ठेवल्या.

“चाल,” म्हणाल्या.

मी पुस्तकात शिकल्याप्रमाणे नागमोडी निघाले. त्या माझ्या पुढे अनवाणी चालत होत्या, दुखऱ्या गुडघ्यानं, एक पाय जरा ओढत. साधारण मध्यावर थांबल्या आणि टाचेनं रेघ मारली. “इथवर एक पिशवी कर. इथून दुसरी माती लागते.” मला दोन्हीकडची सारखीच काळी दिसत होती. पुढे उतारावर त्यांनी दुसरी रेघ मारली. “आता इथून तिसरी. इथं पायाले थंड लागते. अन् वास घेऊन पाह्य.” त्यांनी खुरप्यानं ढेकूळ उकरलं, फोडलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. साचलेल्या डबक्याचा आंबूस वास होता. वर पाहिलं तर मातीवर मिठासारखी पांढुरकी खार फुटलेली. “शेजारून रस्ता उंच केला, तवापासून खालचं पाणी निघतच नाही. पाऊस गेला तरी इथं आठ दिवस पाय फसते. माती बसून गेली.”

“हे तुम्ही आधी का नाही बोललात?”

“कोणाले बोलू? पोरगं म्हणते, चाल नागपूरले. दुकानदार म्हणते, हे औषध मार. मातीचं इचारलं कोणी?”

मी बावीस वर्षं मातीचं विचारणाऱ्या खात्यात काम करते. त्या दिवशी मला या बाईचं जे वाटलं ते इथे सरळच लिहिते. मी त्यांच्यापुढे स्वतःला फार लहान समजले आणि तसं समजण्यात मला वाईट वाटलं नाही. खड्डे मी केले, चकत्या मी काढल्या. माझे हात कोपरापर्यंत भरले. एका पिशवीच्या जागी तीन झाल्या. विहिरीवर हात धुताना त्या माझ्या हातांकडे पाहत होत्या. साबण मी बरोबर नेला होता, पण पर्समधून काढायची मला लाज वाटली.

तीन पिशव्यांचे तीन कागद झाले. टाचेनं मारलेल्या दोन्ही रेघा यंत्रानं तशाच्या तशा दाखवल्या. वरचा तुकडा चांगला, मधला बरा, खालचा वाईट. क्षार वाढलेले, पाणी साचून बिघडलेली जमीन. मैत्रिणींना मी या वेळी सगळं सांगितलं, हळदीकुंकवापासून रेघांपर्यंत. कुणी हसलं नाही. एक तर म्हणाली, तुझ्या सासूबाईंना आपल्याकडेच कामाला घ्यायला हवं, यंत्र नेहमीच बिघडलेलं असतं.

निकाल ऐकायला सासूबाई स्वतः आल्या. ऑटोतून उतरल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक होती. चार दिवसांसाठी त्या ट्रंक कधी आणत नाहीत, कापडी पिशवी आणतात. नवऱ्यानं ट्रंक वर आणली आणि जेवणघरात मधोमध ठेवली. मी तिन्ही कागद टेबलावर मांडले. त्यांनी मला वाचू दिलं नाही.

“खालचा तुकडा खराब निघाला,” त्या मुलाला म्हणाल्या. “मी शब्द देला होता. कपडे घेऊन आली मी.”

चांगल्या दोन कागदांवर बोट ठेवून त्या भांडू शकल्या असत्या. तिनातले दोन माझे, असं मी असते तर नक्की म्हटलं असतं. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, आणि हात मांडीवर असे ठेवले होते की त्यांचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. मला ते बघवेना. मी तोंड उघडलं आणि एका दमात सगळं ओकले. पहिली पिशवी, फाडलेला कागद, तिखट आणायचं निमित्त, टाचेच्या रेघा. “माती बिघडलीय, मेलेली नाही,” मी म्हटलं. “चर खणून पाण्याला वाट काढून दिली तर क्षार धुऊन जातील. हे मी सून म्हणून नाही सांगत, हे माझं काम आहे.”

नवरा तिन्ही कागद वाचत होता. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. आपण बायकोवर चिडावं की आईवर, हे त्याचं ठरत नव्हतं बहुतेक. मग त्यानं खालच्या तुकड्याचा कागद वेगळा काढला.

“चर किती लांब काढावा लागेल?” त्यानं विचारलं.

सासूबाईंनी मान वर केली. “धुऱ्यापासून नाल्यापर्यंत. शंभर पावलं.”

“मजूर मिळतील उन्हाळ्यात?”

“मजूर कशाले?” त्या म्हणाल्या. “तुले हात नाहीत का?”

आणि मग त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. सासरे गेले तेव्हाही आमच्यासमोर रडल्या नव्हत्या.

ट्रंक न उघडता परत गेली. मे महिन्यात नवऱ्यानं आठ दिवसांची रजा टाकली. पहाटे पाचला सुरुवात करायची आणि दहाला सावलीत पडायचं. ऑफिसातल्या माणसाच्या हाताला दुसऱ्या दिवशी फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले. शेवटी दोन मजूर लावावेच लागले, पण नाल्याकडची शेवटची वीस पावलं त्यानं एकट्यानं खणली. सासूबाई धुऱ्यावर बसून “वाकडं चाललं गा, उजवीकडे घे,” असं ओरडत होत्या. मीही घमेली वाहिली. घरी गेल्यावर हात किती वेळा धुतले ते विचारू नका.

आषाढात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी नवरा ऑफिसला निघताना फोन वाजला. सासूबाई होत्या. नुसता खळखळाट ऐकू येत होता, आधी वाटलं फोनच बिघडला. त्यानं स्पीकर लावला. त्यांनी फोन चराजवळ धरला होता.

“आयकू येते का?” बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज आला. “नाल्याले जाऊन राहिलं पूर्ण. वावरात टिपूस नाही.”

नवरा फोनजवळ वाकून म्हणाला, “येतं ऐकू, आई.”

“मंग ठेव फोन,” त्या म्हणाल्या. “मले रोपं पाहाची हायेत.”